शिरोलीकरीण जगली पाहिजे

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. तर आमच्या आत्या कुत्र्यांची नावं ठेवायच्या नाहीत. टाकलेलं, लंगडं, खरजुलं कुत्रं उचलून घरी आणायचं हा त्या घराचा जुना नाद, पण मोत्या, राजा, टिप्या असलं काही त्यांच्या तोंडी यायचं नाही. सून जशी माहेरच्या गावावरनं ओळखतात, तसं कुत्रं ज्या गावात सापडलं त्या गावावरनं. बैलगाडीखाली पाय गेलेला एक होता, तो फुलेवाडीकर. मी आजऱ्याची, म्हणून मी आजरेकरीण. आणि शिरोलीच्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत वाळूच्या ढिगात सापडलेली तांबडी कुत्री, ती शिरोलीकरीण. लग्न होऊन मंगळवार पेठेत आले त्याच आठवड्यात आत्यांनी चुलीपासनं हाक दिली, शिरोलीकरीण जेवली का बघ म्हणून. मी आपली पदर डोक्यावर घेऊन घरभर बाई शोधतेय. मला वाटलं, एखादी चुलत जाऊ असेल. कुत्री आहे हे कळल्यावर हसू यायच्या ऐवजी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे या घरात मी आणि कुत्री एकाच पंगतीला!

माहेरी आमच्याकडं कुत्रं अंगणात असायचं, काजूच्या खळ्यावर राखणीला. मेलं तर दुसरं आणायचे. इथं कुत्र्याला सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पोतं, पोत्यावर जुनं लुगडं, थंडीत शेगडी. फुलेवाडीकर मेला तेव्हा आत्यांनी मागच्या परड्यात खड्डा खणून घेतला आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी मनात म्हटलं, काय बाई सोंगं ही. मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर जरा विचार केला असता, असं मी आमच्या ह्यांना बोलूनही दाखवलं. ते हसले आणि कामावर गेले.

शिरोलीकरणीला मात्र माझा राग कधी कळलाच नाही. मी भाजीला निघाले की ती मागं. मी थांबले की ती थांबायची, चार पावलं लांब, उगाच दुसरीकडं बघत, जणू आपला काही संबंध नाही. पिशवी जड झाली की मी सावलीला टेकायची, तीपण टेकायची. नव्या सुनेला पेठेत दुसरं कोण होतं? वर्षभरात माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी बोलते आहे. आत्यांबद्दलचं गाऱ्हाणंसुद्धा तिलाच सांगते आहे. तेवढी पोटात ठेवणारी बाई मला पेठेत दुसरी भेटली नाही.

तिला मामंजींनी आणलेलं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ते त्या फौंड्रीत साचे करायचे. एका सकाळी ओतकामाच्या कोमट वाळूत हे पिल्लू ऊब धरून बसलेलं दिसलं, ते त्यांनी डब्याच्या पिशवीत घालून आणलं. मी आले तेव्हा मामंजी गेलेले होते. त्यांच्या हातचं जितंजागतं असं घरात एवढंच उरलं होतं. आत्या हे कधी बोलल्या नाहीत. पण शिरोलीकरणीची भाकरी त्या दुसऱ्या कुणाला कुस्करू द्यायच्या नाहीत.

मला सातवा लागला त्या सुमाराला तिच्या जबड्यात गाठ आली. आधी वाटलं दात दुखतोय. मग तोंडातनं लाळ गळायला लागली, भाकरी पडून राहायला लागली, चालताना तोल जायला लागला. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. गाठ वाढणार, औषध नाही, आणि दुखणं सोसवणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. इंजेक्शन देऊन सोडवू म्हणाले. आत्या आधी त्यांच्यावरच चिडल्या, आणि दोन दिवसांनी सोमवारी या म्हणून त्यांनीच निरोप धाडला. हे सगळं शनिवारच्या आधीचं. शनिवारी संध्याकाळी जे झालं त्यानं सगळंच उलटंपालटं झालं.

आमच्या पेठेत संध्याकाळी कोपऱ्यावर दुधाचा कट्टा भरायचा. गवळी म्हशी घेऊन यायचा, तिथंच धार काढायचा आणि माणसं पेले पुढं करून उभी असायची. फेसासकट, कोमट, तसंच कच्चं दूध घटाघटा प्यायचं. तालमीतले पैलवान तर तांब्याला तोंड लावायचे. दूध तापवून प्यायचं म्हणजे ताकद घालवायची, ही तिथली समजूत. आत्यांचं म्हणणं, पोटातल्या जिवाला हेच मानवतं. म्हणून आमचे हे रोज तांब्या घेऊन जायचे, आणि फेस बसायच्या आत मी तो पिऊन टाकायची.

त्या संध्याकाळी शिरोलीकरीण ह्यांच्या मागं मागं कट्ट्यावर गेली. तिची जुनी सवय होती, गवळी गंमत म्हणून एक धार तिच्या तोंडात सोडायचा. ती म्हशीच्या पोटाखालीच उभी राहिली असणार. म्हशीनं पाय झाडला तो नेमका दुखऱ्या जबड्यावर बसला. आयुष्यात कधी मांजरावर न गुरगुरलेली ती, कळवळून वर झेपावली, आणि म्हशीच्या सडाला तिचे दात लागले. गवळ्यानं काठी घालून तिला हाकललं, सड धोतराला पुसला, बाकीच्या सडांची धार काढली आणि सगळ्यांचे पेले भरले. गिऱ्हाईक खोळंबलेलं, तो तरी काय करणार! आमचे हे तिकडं कुस्तीच्या गप्पांत. त्यांनी तांब्या भरून आणला आणि मी प्याले. ओठावरचा फेस पुसेपर्यंत गल्लीत कालवा सुरू झाला.

कुत्री पिसाळली आहे. म्हशीला चावली आहे. आणि ते दूध अख्ख्या पेठेच्या पोटात आहे.

ज्यानं त्यानं आठवून सांगायला सुरुवात केली. लाळ गळतीय, खरं. खात न्हाय, खरं. झोकांड्या खातीय, खरं. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. गाठ आहे हे आम्हाला माहीत होतं. पण गाठीच्या आडून दुसरं काही नसेलच, हे कुणाला ठाऊक? तालमीतला थोरला पैलवान, ज्यानं सगळ्यात जास्त दूध ढोसलं होतं, तो काठी घेऊन आमच्या पायरीवर आला. मागं ही गर्दी. तिला इथंच संपवायची, विषय मिटला, असं सगळ्यांचं म्हणणं. आत्या शिरोलीकरणीच्या पुढं उभ्या राहिल्या. त्यांची उंची पैलवानाच्या छातीला लागायची.

तेवढ्यात कुणीतरी गुरांच्या डॉक्टरांना सायकलवर बसवून आणलं. त्यांनी आधी काठी खाली ठेवायला लावली आणि मग समजावलं. कुत्रं पिसाळलेलं असेल तर ते चावल्यावर दहा दिवसांच्या आत मरतं. दहा दिवस जगलं, तर त्या चाव्यात विष नव्हतं. पण आज मारलं तर काहीच कळणार नाही. मग दूध प्यालेल्या सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यायची. असल्या दुधानं काही होत नाही असं आपलं मत आहे, असंही ते म्हणाले. पण तुम्ही हमी देता का, असं गर्दीतनं कुणी विचारल्यावर, हमी कशी देऊ, म्हणाले. मी हळूच गाठीचं विचारलं. ते म्हणाले, "गाठ आहे हे खरं. पण गाठ असलेलं कुत्रं पिसाळत नाही, असं कुठं आहे?"

बेंबीभोवती म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. मी पदर ओढून घेतला.

आत्या पैलवानाला म्हणाल्या, "घाल की काठी. मग चौदा तुला आन् चौदा माझ्या सुनंला. घाल."

पैलवान काठी टेकून उभा राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग त्यानं विचारलं की मग आता तिला खायला काय घालायचं.

अशी ती गंमत. सोमवारी जिला मारायचं ठरलं होतं, तिला आता काही करून जगवायचं होतं. ती गाठीनं मेली असती तरी पेठेला ते पिसाळूनच वाटलं असतं. डॉक्टरांचं सोमवारचं येणं आपोआप रद्द झालं, तसं कुणी कुणाला सांगायलाही लागलं नाही.

तालमीतनं साखळी आली. तिला सोप्यातल्या खांबाला बांधली, म्हणजे रस्त्यावरनं सगळ्यांना दिसेल. मला सोप्याचा उंबरा ओलांडायला बंदी. आमचे हेही फौंड्रीतच कामाला, त्यांचे जाड चामड्याचे हातमोजे घालून आत्या तिचं सगळं करायच्या. त्यांच्या हातात ते कोपरापर्यंत यायचे. दिवस उजाडायच्या आत पायरीशी माणसं. हाय का? हाय. खाल्लं का? थोडं खाल्लं. ज्यांनी तिला जन्मात कधी शिळा तुकडा घातला नव्हता ते अंडी घेऊन यायला लागले. शेजारची कल्हईवाल्याची बायको, जिला मी भाभी म्हणायची, ती रोज अळणी करून आणायची, म्हणजे तिखट घालायच्या आधीचं मटणाचं पाणी. बाळंतिणीला देतात तसं, गाळून, कोमट करून. तिचा नवराही त्या दिवशी कट्ट्यावर होता. भांडं लांबनंच ठेवायची आणि दारात मला बघितलं की डोळ्यांनीच विचारायची. मी मान हलवायची.

दिवसभर मी उंबऱ्याच्या आत पाटावर बसलेली. तांदूळ निवडायला घ्यायचे आणि डोळे तिच्या बरगड्यांवर. वर गेल्या, खाली आल्या. जरा वेळ हलल्या नाहीत की माझं निवडणं थांबायचं. मग कान हलायचा आणि मी श्वास सोडायची. लाळ जास्त दिसली की भीती, कमी दिसली तरी भीती. डोळे लाल वाटतात का? आत्या म्हणायच्या, न्हाईत. माझा त्यांच्यावर विश्वास बसायचा नाही, कारण त्या कुत्रीच्या बाजूच्या. कधी पोटातलं बाळ बराच वेळ हलायचं नाही, मग मी एका डोळ्यानं कुत्रीकडं बघत आणि एका हातानं पोटाला ढोसत बसायची. त्या दिवसांत मी देवाला काय काय बोलले असेन. अंबाबाई, ही जगली पाहिजे. माया होती का? होती. पण भीती मायेच्या वर चढून बसली होती, हे खरं.

आणि पाणी! पिसाळलेल्याला पाण्याची भीती वाटते, हे सगळ्यांना ठाऊक. मग काय, पेठेत पाणी प्यायची साथच आली. पैलवान येता जाता तांब्याभर पाणी पिऊन बघायचा, जातंय का घशाखाली. आमचे हे कामावरनं आले की आधी माठाकडं. मी तर दिवसातनं दहादा घोट घेऊन बघायची, आणि दर खेपेला दुसऱ्या घोटाला वाटायचं, अडकला. मग जरा थांबून परत एक घोट. आत्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, अगं पोरी, पिसाळायच्या आधी तू बुडून मरशील. मला हसू आलं नाही. तेव्हा नाही आलं.

मधल्या एका सकाळी ती पाण्याला भ्याली. आत्यांनी थाळी पुढं सरकवली, तिनं तोंड लावलं आणि ओरडून मागं झाली, साखळी ताणली जाईपर्यंत. पायरीवर पाचसात माणसं होती, सगळ्यांनी बघितलं. पैलवान खालीच बसला, एवढा मोठा गडी, दोन्ही हात डोक्याला लावून. मी आत भिंतीला पाठ टेकली. माझ्या मनात चौदा सुया एकेक करून टोचायला लागल्या होत्या, आणि सुईच्या टोकाला माझं बाळ. डॉक्टर गावोगावी हिंडायला गेलेले, दुपारशिवाय येणार नव्हते.

आत्या थाळीकडं बघत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, पाणी चुलीवर ठेवलं, बोटाला सोसेल इतकं कोमट केलं, त्यात फडकं भिजवलं आणि दुखऱ्या बाजूला न लावता दुसऱ्या बाजूनं तिच्या ओठाशी धरलं. तिनं चाटलं. परत भिजवलं, परत चाटलं. गार पाणी गाठीला झोंबलं होतं, एवढंच. सगळं फडकं तिनं चोखून घेतलं. पैलवान उठला आणि निघून गेला. मला वाटलं, सुटले. पण संध्याकाळपर्यंत परत तेच, परत बरगड्या मोजणं. ती भीती अशी चिवट होती, एका दारानं घालवली की दुसऱ्या दारानं आत.

सगळ्यात वाईट वेळ दिवेलागणीची. तेव्हा तिचं दुखणं चढायचं आणि ती कण्हायला लागायची. ओरडणं नव्हतं ते, बारीक, आतल्या आत, न थांबणारं. डॉक्टरांनी वेदनेवर दिलेली गोळी आत्या लोण्यात घालून भरवायच्या, त्यातली निम्मी लाळेबरोबर बाहेर. तिला सोडवायची सुई डॉक्टरांच्या पेटीत होती आणि ती आमच्यामुळं द्यायची नव्हती. आत्या तिच्याजवळ बसून म्हणायच्या, "आनी थोडं, बाई. आनी थोडं." मी आत कानावर हात दाबून बसायची. मनात यायचं, मर एकदाची, सुट. आणि लगेच दुसरं. नको, नको, मरू नकोस. दोन्ही माझंच म्हणणं, एकाच दमातलं.

दहावा दिवस गेला. सकाळी डॉक्टर आले, तिच्या डोळ्यांत बघितलं, उठवून चालवलं, पाणी पाजून बघितलं. पिसाळलेली नाही, कुणालाही इंजेक्शनं नकोत, असं त्यांनी पायरीवर उभं राहून मोठ्यानं सांगितलं. काय गलका झाला म्हणून सांगू! पैलवानानं पेढे वाटले. कुणीतरी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. भाभीनं पहिल्यांदाच आमच्या सोप्यात पाऊल टाकलं आणि माझ्या पोटावर हात ठेवून रडली. मी मटकन खाली बसले आणि इतकं रडले की ह्यांनी डॉक्टरांना मलाच बघायला सांगितलं. पुढं लेक झाली ती धडधाकट, आवाज तर पेठभर ऐकू जाईल असा.

गलका ओसरल्यावर डॉक्टरांनी हळू आवाजात आत्यांना राहिलेल्या कामाचं विचारलं. पेटी त्यांनी आणलेलीच होती. आत्या शिरोलीकरणीकडं बघायला लागल्या. इतक्या दिवसांच्या अंडी-अळणीनं तिच्या अंगावर थोडी तुकतुकी आली होती. पैलवान मध्ये पडला. रोजचं दूध माझ्याकडनं, म्हणाला, हिनं आमाला जीवदान दिलं, आता हिला मारायची भाषा नको. बाकीचेही व्हय व्हय म्हणायला लागले. आणि आत्या, ज्यांनी स्वतः निरोप धाडून सोमवार ठरवला होता, त्या म्हणाल्या, "खातीया की ती. बघू आनी चार दिस."

मी कधी चारचौघांत सासूपुढं तोंड उघडलं नव्हतं. पण रोजची दिवेलागण मीही आतनं ऐकली होती. उंबरा ओलांडून मी सोप्यात आले. मी म्हटलं, "आत्या, माझ्यासाठी लई जगली ती. आता तिला सोडा."

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता थोबाडात बसते. पैलवान म्हणाला, वयनी, तुमी गप ऱ्हावा. मी गप्प राहिले, पण हलले नाही. आत्या खाली बसल्या. त्यांनी हातमोजे काढले, आधी एक, मग दुसरा, आणि उघडा तळहात तिच्या सुजलेल्या जबड्याखाली धरला. लाळ त्यांच्या बोटांतनं मनगटावर ओघळली. ती डोळे मिटून हातावर भार टाकून राहिली. मग आत्यांनी मान वर न करता मला सांगितलं, "धर तिकडनं."

मी पोट सावरत दुसऱ्या बाजूला बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागत होती. पैलवान बाहेर गेला, हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी पुढचा पाय हातात घेतला तशी आत्या त्यांना म्हणायला लागल्या, हळू हां, हळू, दुखंल तिला, लई सोसलंय तिनं. माझ्या हाताखाली तिची पाठ एकदा वर आली, खाली गेली, आणि परत वर आली नाही. डॉक्टरांनी सुई काढून घेतली, पेटी बंद केली आणि झालं म्हणून सांगितलं. आत्या अजून त्यांना सांगतच होत्या, हळू, हळू, दुखंल तिला.